नवी बॅटरी घेण्याआधी मीटर लावा: गाडीचं चार्जिंग घरच्या घरी कसं तपासायचं

जुलैमधली रात्र. पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. पावसाची झड लागलेली, त्यामुळे हेडलाइट, वायपर, काचेवरचं धुकं घालवायला ब्लोअर असं सगळंच चालू. शिरवळ मागे पडलं तेव्हा बायको म्हणाली, "अरे, दिवे मंद झालेत का?" मी पावसावर ढकललं. मग वायपर दमल्यासारखे फिरायला लागले, स्टेअरिंग जड झालं, डॅशबोर्डवर एकामागून एक दिवे लागले आणि खंबाटकीचा चढ सुरू व्हायच्या आधीच इंजिन थांबलं.

बॅटरी अवघी १७ दिवसांची होती. सकाळी सेल्फ नीट मारत नाही म्हणून दुकानात गेलो, दुकानदार म्हणाला "बॅटरी गेली", मी पैसे मोजले. जुनी बॅटरी बहुधा अजून वर्षभर चालली असती. दोष अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज बनवणाऱ्या यंत्राचा होता. त्यातले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, झिजत आले होते. कधी टेकायचे, कधी नाही. नव्या बॅटरीने साठवणीवर १७ दिवस काढले आणि भर पावसात हात टेकले.

त्यानंतर तीनेकशे रुपयांचा मीटर घेतला आणि हे सगळं शिकलो. पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाच्या, १२ व्होल्टच्या कोणत्याही साध्या गाडीला पुढची पद्धत चालते. इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटरच नसतो, त्यामुळे तिला हे लागू नाही.

थोडं कामाचं शास्त्र. बॅटरीचं मुख्य काम सेल्फ फिरवणं. इंजिन सुरू झालं की गाडीची सगळी वीज अल्टरनेटर पुरवतो आणि उरलेली बॅटरीत भरतो. इंजिन त्याला बेल्टने फिरवतं. आत रोटर फिरतो, त्याला कार्बनमधून थोडी वीज मिळाली की तो चुंबक होतो, भोवतीच्या स्टेटरमध्ये एसी तयार होते, डायोड तिची डीसी करतात आणि रेग्युलेटर व्होल्टेज ताब्यात ठेवतो. जुने वायरमन अजून याला 'डायनामो' आणि रेग्युलेटरला 'कटआउट' म्हणतात. पूर्वीच्या गाड्यांत खरोखरच डायनामो असायचा, ते नाव राहिलं. तेव्हा वायरमन "डायनामो काम करत नाही" म्हणाला तर गोंधळू नका.

जवळ काय हवं

- डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-अँपिअर मोजणारा मीटर. साधा पिवळा चालतो.
- १० नंबरचा पाना. बऱ्याच गाड्यांच्या बॅटरी क्लँपला तोच लागतो.
- सँडपेपर किंवा जुना तारेचा ब्रश, गरम पाणी, खायचा सोडा, व्हॅसलिन
- टॉर्च, रबरी हातमोजे, चष्मा
- गाडीचं मॅन्युअल (फ्यूज बॉक्सच्या नकाशासाठी)
- बॅटरीचं वॉरंटी कार्ड आणि बिल. दोष बॅटरीचाच निघाला तर याच्याशिवाय कोणी उभं करत नाही.

काम सुरू करण्याआधी: गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. ओढणी, मफलर, सैल बाही, हातातलं कडं आणि अंगठी काढून ठेवा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो, म्हणून तिच्याजवळ विडी-काडी नको.

१. गाडी काय सांगतेय ते आधी ऐका

इग्निशन ऑन केल्यावर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. नवशिके याचा दुसरा अर्धा भाग पाहतात, पहिला विसरतात. दिवा मुळात लागतच नसेल तर ती चांगली खूण नाही. जुन्या गाड्यांत याच दिव्यातून अल्टरनेटरला सुरुवातीची वीज मिळते; बल्ब गेला तर अल्टरनेटर चांगला असूनही झोपून राहू शकतो. दिवा अर्धवट, मिणमिणता जळत असेल तर संशय डायोडवर.

बाकीची लक्षणं साधारण अशी वाचा. सकाळी सेल्फ कट-कट करतो, पण जंप दिल्यावर (दुसऱ्या बॅटरीला केबल जोडून सुरू केल्यावर) गाडी दिवसभर ठणठणीत, तर बॅटरी म्हातारी झालीय किंवा रात्रीतून काहीतरी वीज पितंय. जंप देऊन सुरू केली आणि थोड्या अंतरावर पुन्हा बंद पडली, तर चार्जिंग नाही. ॲक्सिलरेटर दिल्यावर हेडलाइट उजळतात आणि सोडल्यावर मंदावतात, तर बेल्ट ढिला किंवा अल्टरनेटर अशक्त. बल्ब वारंवार उडतात, बॅटरीतलं पाणी लवकर आटतं, बॉनेट उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येतो, तर उलटा आजार: जास्त चार्जिंग. त्या वासाची बॅटरी गरम असते. गाडी बंद करून लांब व्हा, लगेच जंप वगैरे लावू नका.

२. डोळे आणि हात, मीटर नंतर

बॅटरीचे दोन्ही टर्मिनल हाताने हलवून पाहा. जरा जरी फिरलं तरी तिथेच थांबा, घट्ट करा आणि दोन दिवस गाडी चालवून बघा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साठली असेल तर केबल काढा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी पडू नये म्हणून हा क्रम. कोमट पाण्यात सोडा कालवून धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं करा, घासा, लावा, वरून व्हॅसलिनचा हात फिरवा.

इंजिन बंद असताना बेल्ट पाहा: चिरा, तेलाचे डाग, आतल्या बाजूला काचेसारखी चकाकी. पावसाळ्यात सकाळी सुरू केल्यावर दोन मिनिटं किंचाळणारा बेल्ट घसरत असतो. त्यावर साबण किंवा पावडर लावायचा सल्ला मिळतो. आवाज जातो, घसरणं तसंच राहतं. बऱ्याच गाड्यांत हाच बेल्ट वॉटर पंपही फिरवतो. तो तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो, पाठोपाठ इंजिन तापतं. अशा वेळी "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणू नका.

अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीकडे आणि प्लगकडेही टॉर्च मारा. पार्किंगमध्ये घुशी-उंदरांचा वावर असेल तर वायरी कुरतडलेल्या सापडणं अगदी नेहमीचं.

३. इंजिन बंद: बॅटरीचा विसावा

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन 'कॉम' भोकात, लाल पिन 'व्होल्ट' भोकात. लाल पिन १० अँपिअरच्या भोकात ठेवून बॅटरीला लावली तर थेट शॉर्ट होतो. मी केलंय. मीटरच्या पिनेचं टोक काळं पडलं आणि पुढचा मीटर थोडा बरा घेतला.

गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फुगलेला दिसतो. रात्रभर उभी राहू द्या, नाहीतर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा. साध्या ॲसिडच्या बॅटरीसाठी:

- १२.६ किंवा वर: पूर्ण भरलेली
- १२.४: साधारण पाऊण
- १२.२: अर्धी
- १२.० च्या खाली: उतरलेली. आधी बाहेरच्या चार्जरवर रात्रभर लावा.
- १०.५ च्या आसपास आणि चार्ज करूनही वर येत नाही: सहा सेलपैकी एक बहुधा बसलाय

उतरलेल्या बॅटरीवर पुढच्या चाचण्या करू नका, सगळे आकडे फसवे येतात. आणि ती भरायचं काम अल्टरनेटरवर टाकू नका. पूर्ण उतरलेली बॅटरी घेऊन तो तासन्‌तास पूर्ण ताकदीने राबतो, तापतो, आणि आधीच अशक्त असेल तर तिथेच संपतो.

४. सेल्फ मारताना

मीटर बॅटरीवर तसाच ठेवा, दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगा. आकडा खाली जाणारच, ९.६ व्होल्टच्या वर राहिला तर बॅटरी धडधाकट. भरलेली बॅटरी ८ किंवा ७ वर कोसळली तर ती कमकुवत आहे. आकडा १२ वरच राहिला आणि सेल्फ फिरलाच नाही, तर बॅटरीला सोडा. दोष सेल्फमध्ये, त्याच्या वायरीत किंवा रिलेमध्ये.

५. इंजिन चालू: खरी परीक्षा

बाकी सगळं बंद ठेवून इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता. बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आता हेडलाइट, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा डिफॉगर लावा आणि इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास धरा. आकडा १३.२ च्या वर टिकला पाहिजे.

इंजिन चालू असूनही १२.४, १२.३, १२.२ असा घसरत चाललाय? चार्जिंग नाही. माझ्या गाडीत हेच होतं, आणि मी फक्त दोन मिनिटं दिली असती तर खंबाटकीच्या पायथ्याशी छत्री घेऊन उभं राहायची वेळ आली नसती. आकडा १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेलाय. अशी गाडी फार फिरवू नका, बॅटरीबरोबर इलेक्ट्रॉनिक्सही भाजतात.

इथे दोन सापळे.

पहिला: "इंजिन चालू ठेवून बॅटरीची केबल काढ, बंद पडली तर डायनामो खराब." ही युक्ती अजून गॅरेजमध्ये सर्रास चालते. बॅटरी धक्के झेलणारी उशी असते. ती अचानक काढली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणात कितीतरी पट उसळतं आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक), म्युझिक सिस्टीम, अल्टरनेटरचे स्वतःचे डायोड यांपैकी काहीही जाऊ शकतं. कार्बोरेटरच्या जमान्यात खपून जायचं. कोणी केबलला हात घातला तर थांबवा, मग तो कितीही जुना जाणकार असो.

दुसरा सापळा नव्या गाड्यांचा. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) गाड्यांपैकी अनेकांत, आणि त्याआधीच्याही काहींत, ईसीयू स्वतः अल्टरनेटरला आज्ञा देतो. बॅटरी भरलेली असेल तर इंधन वाचवायला तो चार्जिंग मुद्दाम कमी करतो आणि मीटर १२.७ दाखवतो. लगेच अल्टरनेटरला फासावर चढवू नका. हेडलाइट लावा, थोडं थांबा. आकडा १४ च्या आसपास चढला तर सगळं ठीक. अशा गाडीत बहुतेक वेळा निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा काळा सेन्सर असतो. डॅशकॅम, हॉर्न यांची अर्थिंग वायर त्याला ओलांडून थेट बॅटरीवर लावू नका, बॉडीवर घ्या. नाहीतर ईसीयूचा हिशेब चुकतो.

डायोड तपासायला मीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन चालू आणि दिवे लावून बॅटरीवर मोजतात. चांगल्या अल्टरनेटरला जेमतेम ०.१ व्होल्ट दिसतो, ०.५ च्या पुढे गेला तर एखादा डायोड गेलेला असू शकतो. पण अगदी स्वस्त मीटर इथे खोटं बोलतात. इंजिन बंद असताना नुसत्या बॅटरीवर एसीत २५-३० व्होल्ट दाखवत असेल तर दोष मीटरचा. त्या मीटरने ही चाचणी सोडून द्या.

६. वीज तयार होते, पण पोचते का?

बहुतेक ठिकाणी ही पायरी गाळली जाते, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे वाचतात.

माझा मामेभाऊ रत्नागिरीचा. बॅटरीवर १३.१ व्होल्ट, दिवे लावले की आणखी कमी. गॅरेजवाल्याने नवा अल्टरनेटर सांगितला होता. गणपतीत गेलो तेव्हा मीटर सोबत होता. लाल पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड टर्मिनलवर, काळी त्याच्याच धातूच्या अंगावर लावली, तर १४.१ व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर इमानदारीत वीज बनवत होता. मग मधला एक व्होल्ट कुठे गेला?

तो शोधायची पद्धत पहिल्यांदा वेड्यासारखी वाटते: मीटरच्या दोन्ही पिना एकाच बाजूला लावायच्या. इंजिन चालू, दिवे आणि ब्लोअर चालू ठेवा.

- एक पिन अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलवर, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. फरक ०.२, फार तर ०.३ व्होल्ट चालेल.
- एक पिन अल्टरनेटरच्या अंगावर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. इथे ०.२ च्या आत हवं.

भावाच्या गाडीत पहिला फरक ०.१ आणि दुसरा ०.९ निघाला. इंजिनकडून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी खाऱ्या हवेने आतून कुजली होती. वरून बरी दिसायची. बोल्ट काढला, सँडपेपर मारला, पट्टी बदलली. नव्या अल्टरनेटरचे हजारो रुपये वाचले. कोकणपट्टीत किंवा गोव्यात गाडी असेल तर मी ही चाचणी सगळ्यात आधी करेन.

इंजिन बंद असताना अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलवर बॅटरीएवढेच व्होल्ट दिसले पाहिजेत. शून्य आलं तर बॅटरीजवळचा मोठा मुख्य फ्यूज पाहा. कोणी जंप केबल उलटी लावली की तो उडतो. आणि ते टर्मिनल चावी काढली तरी जिवंत असतं, बॅटरी सोडवल्याशिवाय तिथे पाना घालू नका.

७. सगळं ठीक, तरी सकाळी मेलेली

मग उभ्या गाडीत कोणीतरी वीज पितंय. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, मीटर १० अँपिअरच्या भोकावर घ्या आणि केबल व टर्मिनल यांच्या मध्ये लावा. दरवाजे बंद, चावी दूर. गाडीतले संगणक झोपायला अर्धा तास घेतात, तेवढं थांबा. २० ते ५० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ ते ०.०५, हे नेहमीचं. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला १२ अँपिअर-तास गेले. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तिसऱ्या दिवशी झोपली.

आता एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडला त्या वाटेवर चोर. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, डॅशकॅम, ट्रॅकर, डिकीतला न विझणारा दिवा हे नेहमीचे. एकाही फ्यूजने फरक पडला नाही तर बहुधा अल्टरनेटरचा फुटका डायोड. बंद गाडीत तासाभरानंतर अल्टरनेटर कोमट लागला तर जवळजवळ नक्कीच. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही.

८. अल्टरनेटरच दोषी निघाला तर

नवा घ्यायची घाई नको. कार्बन आणि रेग्युलेटर झिजणारे भाग आहेत, बऱ्याच अल्टरनेटरमध्ये ते सुटे मिळतात आणि काही शे ते हजार-दोन हजारात काम होतं. माझं कार्बन बदलून झालं. खरखर आवाज असेल तर बेअरिंगही त्याच वेळी बदलून घ्या, कारण खोलायची मजुरी एकदाच लागते. स्टेटर जळलेला असेल, उग्र वास येत असेल, तर दुरुस्तीत अर्थ नाही.

वायरमनला तीन गोष्टी आधीच सांगा: जुने भाग परत हवेत, बसवल्यावर दिवे-ब्लोअर लावून व्होल्ट माझ्यासमोर मोजायचे, आणि बिलावर वॉरंटी लिहायची. दुसरा अल्टरनेटर बसवणार असाल तर अँपिअर मूळच्याइतकेच हवेत आणि पुलीही तशीच. अनेक डिझेल गाड्यांत एकाच बाजूला पकडणारी पुली असते, तिथे साधी बसवली की बेल्ट थडथडतो.

९. रस्त्यातच दिवा लागला तर

आधी तापमानाचा काटा पाहा. तो चढत असेल तर बेल्ट गेलाय, बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

काटा जागेवर असेल तर तुम्ही बॅटरीवर चालताय. हेडलाइट ९-१० अँपिअर, फुल ब्लोअर साधारण तेवढाच, वायपर ४-५, आणि इंजिनाचं स्वतःचं इग्निशन, टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप वगैरे मिळून आणखी ८-१०. माझ्या त्या रात्रीचा हिशेब असा ३० च्या पुढे जातो, म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला जेमतेम तास. दिवसा एसी, ब्लोअर, म्युझिक, मोबाइलचे चार्जर बंद केले तर दुप्पट वेळ मिळू शकतो. तेवढ्यात उजेडाचं, माणसांचं ठिकाण गाठा. इंजिन बंद करू नका, पुन्हा सुरू होणार नाही. रात्री मात्र हेडलाइट बंद करून अंतर वाढवायचा विचारही नको. हॅझर्डसाठी थोडी वीज शिल्लक असतानाच कडेला घ्या, रस्त्याच्या रेलिंगपलीकडे उभे राहा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या महामार्ग हेल्पलाइनला फोन लावा. खंबाटकीला आम्हाला हा नंबर माहीत नव्हता. एका टेम्पोवाल्या दादांनी दोर बांधून गाडी ढाब्यापर्यंत ओढत नेली, आणि सकाळी तिथल्या वायरमनने अल्टरनेटर खोलून झिजलेले कार्बन माझ्या तळहातावर ठेवले.